ओसरत्या पाण्यावरची नरसाळी

होळी उलटली की नांदेडहून लातूरकडे येताना बसच्या खिडकीतून तलाव उतरताना दिसू लागतात. काठाच्या मुरमावर पाण्यानं आखलेल्या रेघा एकाखाली एक उघड्या पडतात. बाभळीच्या खोडांवरचा चिखल वाळून पांढरा होतो. पंधरवड्यापूर्वी जिथं बगळे उभे होते तिथं म्हशी बसलेल्या असतात. यंदाही तसंच झालं. बस एका पुलावर थांबली आणि वाऱ्याबरोबर वास आत आला. शेजारच्या बाईंनी नाकाला पदर लावून खिडकी ओढून घेतली. ओल्या गाळाचा, कुजक्या शेवाळाचा, बराच काळ न उपसलेल्या विहिरीचा असा तो वास. मला तो ओळखीचा आहे. त्या वासाबरोबर पाण्यातून आणखी जे काही वर येतं ते मोजलं जात असताना एक अख्खा उन्हाळा मी बोरसावळीच्या तलावावर जात होतो.

वर्तमानपत्राच्या लेखी तलावाला दोनच ऋतू. एक तो भरतो तेव्हाचा. त्याचा फोटो ठरलेला असतो: सांडव्यावरून पडणारं पाणी, खणानारळाची ओटी, कडक इस्त्रीतले पुढारी. दुसरा तो कोरडा पडतो तेव्हाचा. त्याचाही फोटो ठरलेला: भेगाळलेली जमीन आणि डोक्यावर हंडा. मधले महिने पाणी रोज थोडं थोडं मागं सरकत असतं. ते महिने बातमीत बसत नाहीत. आमचे एक वृत्तसंपादक म्हणायचे, मागं सरकणं ही घटना नव्हे. त्यांचं चुकत होतं असं म्हणता येणार नाही. पण बोरसावळीच्या माणसांचं जे काही भलंबुरं झालं ते सगळं या मागं सरकण्यातच झालं.

शिरूर अनंतपाळच्या पुढं मुख्य रस्ता सोडून आत गेलं की हा तलाव लागतो. तलावाखाली जुनं बोरसावळी आहे आणि वरच्या माळावर नवं. जुन्या गावाची काळी जमीन पाण्यात गेली. बदल्यात माळावरचा मुरूम मिळाला, ज्यावर पावसाच्या भरवशावर एखादं सोयाबीन निघतं आणि एखाद्या वर्षी तेही निघत नाही. काळी जमीन मात्र पूर्ण गेली नाही. दिवाळीनंतर पाणी उतरू लागलं की ती कडेकडेनं वर येते, ओली, गाळानं माखलेली, पुन्हा एकदा पेरण्याजोगी. या उघड्या पडलेल्या पट्ट्यावर जे पेरतात त्याला गाळपेर म्हणतात. त्यासाठी दर वर्षी धरणाच्या ऑफिसात अर्ज करायचा आणि परवानगी घ्यायची. ज्यांची जमीन बुडाली त्यांना आधी विचारतात. म्हणजे आपलीच जमीन वर्षातून काही महिने दुसऱ्याकडून मागून घ्यायची.

माणिकराव दर वर्षी मागून घेत. त्यांचा पट्टा तलावाच्या एका वाकणात होता. आज्याच्या नावची जमीन. तिचा बांध कुठून जातो हे ते पाणी भरलेलं असतानाही बोट करून सांगत. आधी हरभरा पेरायचा. पाणी आणखी खाली गेलं की ओलीच्या कडेला खड्डे करून टरबूज आणि काकडी लावायची. त्यांची बायको सोजरबाई रानात असली की पट्ट्याच्या या टोकाला बोललेलं त्या टोकाला ऐकू यायचं. माळावरच्या घरात वर्षभर जे काही शिजायचं ते मुख्यतः या पट्ट्यावर पिकलेलं असायचं. तो पट्टा गेला असता तर माणिकरावांकडे शेतकरी म्हणवून घ्यायला नाव उरलं असतं, शेत उरलं नसतं. हे त्यांना माहीत होतं. म्हणून ऑफिसातल्या शिपायालाही ते ‘साहेब’ म्हणत.

वैशाली आली ती होळीच्या सुमाराला. ती नांदेडची, वडील शाळामास्तर. सडपातळ, कमी बोलणारी, आणि प्रश्न विचारला की उत्तराआधी क्षणभर थांबणारी. एका संस्थेच्या कामासाठी तिला तलावाच्या पाण्यावरून हवेत किती गॅस जातो ते मोजायचं होतं. मला रविवारच्या पुरवणीसाठी चौकटीएवढा मजकूर हवा होता. तो पहिल्याच भेटीत मिळाला. मी पुढं जात राहिलो ते मजकुरासाठी नव्हे.

तिची साधनं पाहून कोणाला ती साधनं वाटली नसती. प्लॅस्टिकचे टब पालथे घालून त्यांना कडेनं ट्यूब बांधलेल्या. असा टब पाण्यावर सोडायचा, थोड्या थोड्या वेळानं वरच्या छिद्रातून इंजेक्शननं आतली हवा ओढायची आणि काचेच्या कुपीत बंद करायची. दुसरी साधनं म्हणजे पाण्याखाली उलटी टांगलेली मोठाली नरसाळी, तोंडाला पाण्यानं भरलेली बाटली. तळातून बुडबुडा सुटला की नरसाळ्यातून बाटलीत चढायचा आणि तेवढं पाणी खाली ढकलायचा. हे रात्रंदिवस एका जागी राहायला हवं, म्हणून दोराला वजन बांधून तळाशी सोडायचं. जुन्या ट्रॅक्टरचे लोखंडी तुकडे तिनं लातूरच्या भंगार बाजारातून आणले होते.

होडी दिगंबरची. तो तलावात मासे धरायचा. जन्म जुन्या गावातला.

“मॅडम, हे पालथं घालून काय करूलालाव?” त्यानं पहिल्या दिवशी विचारलं.

“पाण्यातून गॅस वर येतो. तो धरायचा.”

“कोणता गॅस?”

“मिथेन. गोबरगॅस असतो ना, तोच.”

सोजरबाई काठावर वेलांना माती लावत होत्या. तिथूनच म्हणाल्या, “मग त्या टबाला पाइप लावा की, अन् चूल पेटवा! सिलेंडर कशाला आणूलालोत आमी?”

“एवढा नाही हो निघत, मावशी.”

“एवढा निघत न्हाई तर मोजता कशाला?”

वैशाली थांबली. मग म्हणाली, “एका जागी थोडाच निघतो. पण तलाव मोठा आहे. आणि असे तलाव पुष्कळ आहेत.”

“आमच्या घरी गोबरगॅस होता तवा शेण कालवून कालवून माझी कंबर गेली. धरणाला कोण शेण घालतंय?”

“तळाशी बुडालेलं सगळं. झाडं, मुळ्या, पाला, गाळ. तिथं हवा पोचत नाही. कुजतं आणि त्याचा गॅस होतो.”

माणिकराव तोवर ऐकत उभे होते. ते म्हणाले, “म्हंजे आमचं गाव अजून कुजूलालंय म्हणा.”

सोजरबाई पुढच्या वेलाकडं सरकल्या.

वैशालीनं मला हेही सांगितलं की नाकाला येतो तो वास या गॅसचा नव्हे. ज्याला मोजायचं त्याला वास नाही, रंग नाही. पाणी उतरलं की तळावरचा भार कमी होतो आणि गाळात अडकलेले बुडबुडे सुटायला लागतात. म्हणून याच दिवसांत मोजायला हवं. भरलेला तलाव पाहून मिळणारा आकडा अर्धाच असतो. आमच्या वृत्तसंपादकांच्या मताच्या बरोबर उलट मत मी प्रथमच ऐकत होतो.

त्या उन्हाळ्यातली काही दृश्यं अजून तुटक तुटक समोर येतात. सकाळी वारा उठण्याआधीचं पाणी, तेलासारखं जड. टबावर येऊन बसणारा खंड्या आणि त्याला हाकलताना वैशालीचा पहिल्यांदा चढलेला आवाज. गुडघाभर चिखलात उभ्या सोजरबाई, एका हातानं साडी धरून दुसऱ्या हातानं ओल चाचपणाऱ्या. माणिकराव टरबुजावर टिचकी मारून आवाज ऐकत आणि मग ते न तोडता पुढं जात. “अजून झोपलंय,” म्हणत. ऊन इतकं पांढरं असायचं की पलीकडचा काठ पुसून जायचा. दुपारी सगळे पट्ट्यावरच्या खोपीत बसत. भाकरी, ठेचा, काकडीच्या फोडी. दिगंबर मॅडमच्या डब्यातल्या पोळीकडे बघून म्हणायचा, “हे नांदेडचे पापड का हो?” आणि वैशाली, जी कोणाशी फार बोलत नसे, ती न हसता उत्तर द्यायची, “तुमची भाकरी टबाखाली लावली तर टब बुडेल.”

तलावाच्या मध्याच्या अलीकडे एक जागा होती, जिथं या दिवसांत पाणी उकळल्यासारखं दिसायचं. बुडबुड्यांच्या माळा वर यायच्या, थांबायच्या, पुन्हा यायच्या. तिथं खाली जुनं गाव होतं. मासे धरणारे त्याला म्हणत, “गाव जेवायला बसलं.” ज्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या वर्षी हा तलाव तळापर्यंत आटला होता. तेव्हा नव्या बोरसावळीचे लोक खाली उतरून आपापल्या उंबऱ्यावर जाऊन उभे राहिले. भिंती नव्हत्या, पण जोती होती, रांजण पुरलेल्या जागा होत्या, उकिरड्यांचे काळे गोल होते. प्रत्येक घरात न्हाणीच्या कडेला त्या घरात जन्मलेल्यांची नाळ पुरलेली. त्या वर्षी गाळ काढायला जेसीबी आला. गावानं तो गावठाणाच्या हद्दीवर अडवला. बाकी तलाव खोदा, इथं दात लावायचा नाही. तेव्हापासूनचं बंधन आहे: जुन्या गावावर लोखंड पडू द्यायचं नाही. वरून होडी गेली तर चालते. माशांचं जाळं चालतं. लोखंड नाही.

वैशालीच्या नकाशात मोजणीचे ठिपके सबंध तलावभर होते. भिंतीजवळ, काठाला, वाकणात, आणि अर्थातच बुडबुड्यांच्या जागी. ती जागा तिच्या सगळ्या कामाचा गाभा होती. पहिल्या दिवशी तिनं स्वतः तिथं नरसाळं लावलं, लोखंड सोडलं. दिगंबर काही बोलला नाही. त्यानं पायातली चप्पल काढली, पाण्याला हात लावून कपाळाला लावला, आणि वल्हं उचललं. वैशालीला वाटलं, माणूस भाविक आहे.

तिला सकाळी वारा सुटायच्या आत काठावरची सगळी ठिकाणं उरकायची असत. म्हणून मधल्या नरसाळ्याची बाटली दिगंबर आणून देऊ लागला. “उन्हाचं कशाला येता एवढं लांब? मी आणतो की.” बाटल्या वेळेवर येत, नीट बंद केलेल्या, त्यावर तिनंच शिकवलेल्या खुणेची पट्टी. तिला शंका यायचं काही कारण नव्हतं. मलाही आलं नाही, आणि शंका घेणं हा माझा धंदा होता.

ते उघड झालं ते खोपीत जेवताना. कोणी पकडलं नाही, कोणी चहाडी केली नाही. सोजरबाईंनी अभिमानानं सांगितलं.

“बाई, तुमी त्या मधल्या नरसाळ्याची चिंता करू नका बरं का. रातभर आमच्या वाकणात, माझ्या डोळ्याम्होरं असतंय. कुत्रंसुद्धा शिवू दिलं न्हाई.”

वैशालीचा घास हातातच राहिला. “कोणतं नरसाळं, मावशी?”

“गावावरलं.”

“ते इथं कसं?”

दिगंबर काकडी खात होता. त्यानं ती खाली ठेवली. माणिकरावांनी खाकरून घसा साफ केला.

“त्याचं असं हाय,” ते म्हणाले, “तिथं लोखंड टाकत न्हाईत. आमची नाळ हाय तिथं. म्हणून दिगंबरनं त्याच सांजंला उचललं अन् इकडं बाभळीच्या आड आणून लावलं. काई बिघडलं न्हाई. पाणी तर एकच हाय.”

“पाणी एकच आहे, तात्या. तळ एक नाही.”

“म्हंजे?”

“म्हणजे त्या बाटल्यांमध्ये तुमच्या रानाचा गॅस आहे. गावाचा नाही.”

मग वैशालीनं विचारलं, आणि तिच्या आवाजात राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं, “मला सांगितलं का नाही?”

माणिकरावांना प्रश्नच कळला नाही असं वाटलं. “तुमी पाव्हण्या,” ते म्हणाले. “लांबून आलाव. पाव्हण्याला तोंडावर न्हाई कसं म्हणावं?”

“दगड बांधला असता तर चाललं असतं का?”

“दगडाला काय हाय!” सोजरबाई म्हणाल्या. “मनाई लोखंडाची हाय. दगड तर आमच्याच भिंतीचे पडलेत तिथं.”

वैशालीनं दिगंबरकडं पाहिलं.

“मला वाटलं, असल्या कामाला लोखंडच लागतंय,” तो म्हणाला. “तुमी लातूरहून मुद्दाम आणलं होतं. कसं म्हणावं की हे नगं, धोंडा बांधा? तुमी हसला असता.”

मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. ती ओरडली नाही. तिनं हात धुतले, बॅगेतून कागद काढले आणि मधल्या ठिकाणाच्या सगळ्या नोंदींवर एक आडवी रेघ मारली. दिगंबरला ती रेघ शिक्षेसारखी वाटली असावी. तो म्हणाला, “थोडं तरी ठेवा की.” ती म्हणाली, “खोटं थोडं ठेवता येत नाही, दिगंबरभाऊ.”

दुसऱ्याच दिवशी दोराला दगड बांधले. दगड माणिकरावांनीच निवडून दिले. पण त्या रात्री वरच्या अंगाला वळीव कोसळला, ओढ्यांनी गढूळ पाणी आणलं आणि मग दर दोन-चार दिवसांनी तेच होत राहिलं. नरसाळी वाहून काठाला लागली. गाव पुन्हा खोल गेलं. त्या वर्षाचा हंगाम संपला होता.

एवढ्यावर ही गोष्ट थांबली असती तर एका हुकलेल्या मोजणीची गोष्ट झाली असती, आणि ती सांगून माणसं नंतर हसली असती. पण वैशालीच्या अहवालात काठावरच्या ठिकाणांचे आकडे होते, भिंतीजवळच्या खोल पाण्याचे आकडे होते, आणि मध्ये लिहिलं होतं की जुन्या गावठाणावरचं मोजमाप उपलब्ध नाही. खोल पाण्यावरचा आकडा कमी होता. काठावरचा, वाकणातला, जास्त होता. पुढं वाचणाऱ्यांनी काठ वाचला, वाकण वाचलं. मधली ओळ वाचली नाही.

धरणाच्या ऑफिसला गाळपेरीचा कंटाळा होताच. दर वर्षी अर्ज, बांधाची भांडणं, पाण्यात सोडलेल्या मोटारी, कोणासाठी तरी कोणाचा तरी फोन. आता त्यांच्या हाती एक कारण आलं आणि ते शास्त्रीय होतं. त्यांच्या प्रसिद्धीपत्रकावरून आमच्याकडे बातमी लागली, ‘तलावातील घातक वायूला गाळपेर कारणीभूत’. ती माझ्या हातून गेली नव्हती. माझ्या हातून गेली असती तरी शीर्षक फारसं वेगळं लागलं नसतं. शीर्षकात उपलब्ध नसलेलं मावत नाही.

पावसाळ्यात त्या ऑफिसात एक बैठक झाली. साहेब सभ्य होते. त्यांनी सगळ्यांना बसायला खुर्च्या दिल्या, चहा मागवला.

“अहवाल मॅडमचाच आहे,” ते म्हणाले. “काठावर गॅस जास्त आहे. पिकाचा पालापाचोळा पाण्याखाली जातो, कुजतो.”

“साहेब,” माणिकराव म्हणाले, “आमी टरबूज काढलं की वेल बी जनावराला घालतो. रान झाडून घेतो. पाल्याचं पान ठेवत न्हाई.”

“असेल. पण आकडा तिथलाच आहे.”

“गावावर मोजलंच न्हाई की!”

“तेच म्हणतोय मी. जे मोजलंय त्याबद्दलच बोलता येतं.”

वैशाली नांदेडहून मुद्दाम आली होती. ती म्हणाली, “सर, गावठाणाचं मोजमाप उपलब्ध नाही असं मी लिहिलंय. उपलब्ध नाही म्हणजे शून्य नाही. आणि सगळाच गाळ गॅस सोडतो. पीक नसतं तरी वाकणात आकडा जास्तच आला असता, कारण तिथं पाणी उथळ आहे.”

“मॅडम, रिकाम्या रकान्यावर मला आदेश काढता येत नाही.”

“मग भरलेल्या रकान्यावर चुकीचा काढणार?”

“उपलब्ध माहितीच्या आधारे काढणार,” ते शांतपणे म्हणाले. “तुम्हीसुद्धा तेच करता.”

तेव्हा माणिकराव उभे राहिले आणि म्हणाले, “ते नरसाळं आमीच उचललं होतं, साहेब. बाईंची चूक न्हाई. गावावर गॅस लई हाय. आमी लहानपणापासून बघतो.”

साहेबांच्या शेजारी बसलेल्या एकानं हसू दाबलं. “म्हणजे तुम्हीच पुरावा हलवला आणि तुम्हीच साक्ष देताय?”

हा विनोद होता. खोलीत दोघं-तिघं हसले. माणिकराव खाली बसले. चहा त्यांनी तसाच ठेवला.

त्या दिवाळीनंतर पाणी उतरलं आणि परवाने निघाले नाहीत. एवढंच. कोणी पोलीस आणला नाही, कोणी पीक उपटलं नाही. अर्ज घेतले गेले नाहीत.

या सगळ्याचा विचार करताना मला धरणाच्या साहेबांचा राग येत नाही आणि ते मला खटकतं. राग यायला हवा. पण या गोष्टीतल्या प्रत्येकानं आपापल्या परीनं नीटच वागायचं ठरवलं होतं. माणिकरावांनी पाहुण्याचा मान राखला. दिगंबरनं नाळेचा मान राखला. वैशालीनं खोट्या नोंदी ठेवल्या नाहीत. साहेबांनी कागदाच्या बाहेर पाऊल टाकलं नाही. आणि या सगळ्या नीटपणाची बेरीज करून एका माणसाची जमीन दुसऱ्यांदा बुडवता आली. पहिल्या वेळी निदान पाणी तरी लागलं होतं. मोजणीबद्दल मी तिथं जे शिकलो ते कोणत्याही पुरवणीत छापण्याजोगं नाही. जे थांबवता येतं तेच शेवटी कारण ठरतं. धरण थांबवता येत नाही. तळाला बुडालेलं गाव थांबवता येत नाही. माणिकरावांचं टरबूज थांबवता येतं.

माणिकराव आता रेणापूरच्या बाजूला एका पोल्ट्रीवर राखणीला जातात. सोजरबाई दुसऱ्यांच्या रानात रोजानं खुरपायला. पट्ट्यावर कोणी जात नाही. पाणी उतरलं की तिथं बेशरम उगवते, लव्हाळा माजतो, गाजरगवत छातीला लागतं. ते कोणी कापत नाही, कोणाची गुरं खात नाहीत. पावसाळ्यात पाणी वर चढतं आणि ते सगळं हिरवंच्या हिरवं उभं बुडतं.

मागच्या उन्हाळ्यात वैशालीला पुन्हा मोजायची संधी मिळाली. सगळा तलाव, गावठाणासह. ती आधी माणिकरावांच्या घरी गेली. मी बरोबर होतो. माणिकरावांची सुट्टी होती. ते माळावरच्या घरासमोर बाजेवर बसले होते.

“तात्या, या वेळी दगड बांधणार आहे,” ती म्हणाली. “तुम्ही होडीत याल का? घरं कुठं होती ते दाखवायला.”

त्यांनी जरा वेळ विचार केला. “मोजल्यावर आमची जिमीन भेटंल का?”

वैशाली नेहमीसारखी थांबली. तिला हो म्हणता आलं असतं, निदान बघू म्हणता आलं असतं. “मला नाही वाटत, तात्या.”

“मग तुमचं तुमी मोजा, लेकी,” ते म्हणाले. “दिगंबरला म्हाईत हाय समदं. चहा घेऊन जा पण.”

सोजरबाईंनी चहा केला. गूळ घातलेला होता.

मोजणी नीट झाली. गावठाणावरचा आकडा मोठा आला, इतका की वैशालीनं तो दोनदा तपासला. तिनं तो अहवालात ठळक केला. पण वाकणातला, माणिकरावांच्या जुन्या पट्ट्यावरचा आकडाही वाढला होता. पेर होती त्या वर्षीपेक्षा पुष्कळ. तिनं कारणही लिहिलं: पेर बंद झाल्यानं माजलेलं तण दर पावसाळ्यात हिरवंच पाण्याखाली जातं.

अहवाल द्यायला ती ऑफिसात गेली तेव्हा या वेळी तिनं माणिकरावांना बोलावून घेतलं होतं. साहेब तेच होते. त्यांनी पानं उलटली, गावठाणाच्या आकड्यावरून नजर फिरवली आणि वाकणाच्या आकड्यावर बोट ठेवलं.

“हे बघा,” ते म्हणाले, “इथून अजूनही येतोय.”

माणिकराव खुर्चीच्या कडेवर बसले होते. “साहेब,” ते म्हणाले, “आता तर तिथं कोणीच पेरत न्हाई.”

“तेच तर,” साहेब म्हणाले. “कोणी पेरत नसताना एवढा आहे. तुम्ही पेरत होता तेव्हा किती असेल, विचार करा.”